ऋणको, धनको आणि एक नवे राष्ट्र

अमेरिकेच्या शंभर डॉलरच्या नोटेवर बेंजामिन फ्रँकलिनचे चित्र आहे, दहाच्या नोटेवर अलेक्झांडर हॅमिल्टनचे, दोनच्या नोटेवर टॉमस जेफरसनचे आणि विसाच्या नोटेवर अँड्र्यू जॅक्सनचे. एकाच पाकिटात सुखाने नांदणाऱ्या या चार पुरुषांची पैशाविषयीची मते मात्र एकमेकांशी कधीच जुळली नसती. फ्रँकलिनने ऐन तारुण्यात कागदी चलनाची वकिली केली. हॅमिल्टनने राष्ट्रीय कर्ज आणि राष्ट्रीय बँक यांच्या पायावर नव्या राष्ट्राची पत उभी केली. जेफरसनला ती बँक घटनाबाह्य वाटली आणि ते कर्ज म्हणजे पुढच्या पिढ्यांच्या मानेवरचे जोखड वाटले. जॅक्सनने १८३२ मध्ये दुसऱ्या राष्ट्रीय बँकेच्या सनदेला मुदतवाढ देणारे विधेयक नकाराधिकार वापरून फेटाळले. कागदी पैशावर त्याचा विश्वास नव्हता, आणि आज त्याची मुद्रा कागदी नोटेवरच विराजमान झाली आहे!

इतिहासाची ही थट्टा मनोरंजक खरीच. परंतु तिच्या मुळाशी असलेला वाद थट्टेचा नव्हता. पैसा म्हणजे काय, राष्ट्राची संपत्ती कशात असते आणि ती वाढवायची तर तिची किंमत कोणी मोजायची, हे ते तीन प्रश्न होते. युरोपात असे प्रश्न विद्वानांच्या ग्रंथांतून चर्चिले गेले. अमेरिकेत ते कर्जबाजारी शेतकऱ्याच्या अंगणात, छापखान्यात, आणि पगार थकलेल्या सैनिकांच्या छावणीत उपस्थित झाले. म्हणूनच आरंभीच्या अमेरिकन अर्थविचाराला शास्त्राची शिस्त कमी आणि जीवनाची धग अधिक आहे.

नाण्यांचा दुष्काळ

अठराव्या शतकाच्या प्रारंभी उत्तर अमेरिकेतील इंग्रजी वसाहतींत जमीन मुबलक होती, जंगल मुबलक होते, कष्ट करण्याची उमेद होती. वाण होती ती नाण्यांची. कापड, हत्यारे, भांडी इंग्लंडमधून येत आणि व्यापारातून हाती पडलेले सोनेचांदी त्यांच्या मोबदल्यात इंग्लंडकडे परत जाई. व्यवहारात जे नाणे दिसे ते बहुधा स्पॅनिश डॉलरचे. व्हर्जिनियात तर तंबाखू हेच चलन होते. कर तंबाखूत भरला जाई आणि धर्मोपदेशकांचे वेतनही तंबाखूतच ठरलेले असे. पीक चांगले आले की 'पैसा' स्वस्त आणि पीक बुडाले की महाग, असा हा कारभार होता.

या अडचणीतून मॅसॅच्युसेट्सने १६९० मध्ये एक वाट काढली. क्वेबेकवरील स्वारी फसली होती, लुटीतून सैनिकांचा पगार भागवण्याचे मनसुबे धुळीस मिळाले होते आणि रिकाम्या हाताने परतलेले सैनिक पैसे मागत होते. सरकारने कागदाच्या चिठ्ठ्या छापल्या आणि त्या कराच्या भरण्यात स्वीकारल्या जातील असे जाहीर केले. जे सरकार घेते ते बाजारही घेतो, हा कागदी पैशाचा पहिला धडा असा गरजेपोटी शिकला गेला.

पेनसिल्व्हानियाने १७२३ मध्ये त्यापुढचे पाऊल टाकले. तेथील सरकारी कर्जकचेरीत शेतकऱ्याने जमीन गहाण ठेवावी, तिच्या किमतीच्या निम्म्याच्या आत नव्या नोटा कर्जाऊ घ्याव्यात, पाच टक्के व्याज द्यावे आणि मुद्दल वार्षिक हप्त्यांनी फेडावे, अशी ती योजना होती. सावकाराच्या दारात न जाता शेतकऱ्याला भांडवल मिळाले, बाजारात चलन खेळू लागले आणि व्याजाच्या उत्पन्नातून सरकारच्या खर्चालाही हातभार लागला. नोटांच्या पाठीशी सोने नव्हते. शेतजमीन होती, आणि ती कसणाऱ्या माणसाचे श्रम होते.

या नोटा आणखी काढाव्यात की नाही याविषयी १७२९ मध्ये वाद पेटला, तेव्हा तेवीस वर्षांच्या एका मुद्रकाने कागदी चलनाचे समर्थन करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. तो बेंजामिन फ्रँकलिन. नाण्याची टंचाई असली की व्याज चढते, जमिनीचे भाव उतरतात, कारागीर दुसरीकडे निघून जातात, असे त्याचे प्रतिपादन होते. या टंचाईत ज्यांचे फावते त्यांची यादीही त्याने दिली : चढ्या दराने पैसा लावणारे सावकार, पडत्या भावात जमिनी विकत घेऊ पाहणारे धनिक, आणि कर्जाच्या खटल्यांवर पोसले जाणारे वकील. त्याचा मुख्य मुद्दा याहून खोल होता. सोनेचांदीचे मोलही चढउतार करते. मग मूल्याचे खरे माप काय? तर माणसाचे श्रम. देशातील रहिवाशांना किती श्रम विकत घेता येतात यावरून देशाची श्रीमंती मोजावी, तिजोरीतल्या धातूवरून नव्हे, असे त्याने मांडले. हा विचार सतराव्या शतकातील इंग्रज पंडित विल्यम पेटी याच्याकडून आलेला होता. परंतु एका तरुण कारागिराने तो आपल्या गावच्या भांडणात वापरला, हे विशेष.

पुढे नोटा छापण्याचे किफायतशीर काम फ्रँकलिनलाच मिळाले, आणि ही गोष्ट त्याने आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने नोंदवून ठेवली आहे. बनावट नोटा ओळखता याव्यात म्हणून झाडाच्या खऱ्या पानाचा ठसा नोटेवर उमटवण्याची युक्ती त्याने काढली. पानावरच्या शिरांची नक्कल करणे कोणत्याही कोरक्याला सहजासहजी साधणारे नव्हते.

पेनसिल्व्हानियाने जो संयम पाळला तो सर्व वसाहतींना पाळता आला नाही. ऱ्होड आयलंडसारख्या ठिकाणी नोटांचा सुकाळ झाला आणि भाव भडकले. अवमूल्यन झालेल्या कागदात आपली येणी फेडली जातात अशी तक्रार लंडनचे व्यापारी करू लागले. ॲडम स्मिथने आपल्या १७७६ च्या ग्रंथात वसाहतींच्या कागदी चलनावर कठोर टीका केली. पेनसिल्व्हानियाच्या मर्यादशीलतेची दखल मात्र त्यानेही घेतली. ब्रिटिश पार्लमेंटने एवढा विवेक दाखवला नाही. १७५१ मध्ये न्यू इंग्लंडच्या वसाहतींवर आणि १७६४ मध्ये उरलेल्या वसाहतींवर तिने चलनबंदीचे कायदे लादले. १७६६ मध्ये कॉमन्स सभेपुढे साक्ष देताना वसाहतींच्या मनातील पार्लमेंटविषयीचा आदर का ओसरला याची जी कारणे फ्रँकलिनने सांगितली, त्यांत स्वतःचे कागदी चलन काढण्यास केलेली मनाई हेही एक होते. चहाच्या पेट्या बॉस्टनच्या समुद्रात फेकल्या गेल्याचे सर्वांना ठाऊक असते. नोटांवरील या बंदीने पेरलेला असंतोष फारसा कोणाच्या लक्षात राहत नाही.

युद्धाचा कागद

स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले तेव्हा काँटिनेंटल काँग्रेसजवळ सैन्य होते, ध्येय होते. कर बसवण्याचा अधिकार मात्र नव्हता. ज्या लोकांनी कराविरुद्ध शस्त्र उचलले होते त्यांच्यावर नवा कर बसवणार तरी कोण? काँग्रेसने जून १७७५ मध्ये वीस लाख डॉलरच्या नोटा काढण्याचे ठरवले. १७७९ अखेर हा आकडा वीस कोटींच्या पुढे गेला. शत्रूनेही बनावट नोटांचा पूर सोडून आपला हातभार लावला. मार्च १७८० मध्ये चाळीस कागदी डॉलरांस एक चांदीचा डॉलर, असा हिशोब काँग्रेसनेच अधिकृतपणे मान्य केला. 'काँटिनेंटल' हा शब्द कवडीमोल वस्तूचे नाव होऊन बसला.

फ्रँकलिनने या अनर्थाचे केलेले निदान आजही विचार करण्याजोगे आहे. नोटेचे मोल घसरत जाणे हाही एक करच आहे, असे त्याने म्हटले. तो कोणत्याही विधिमंडळाने मंजूर केलेला नसतो, त्याच्या वसुलीला अंमलदार लागत नाही. नोट ज्याच्या हाती जेवढा वेळ राहील तेवढ्या प्रमाणात तो त्याच्याकडून आपोआप वसूल होतो. ज्या फ्रँकलिनने तरुणपणी कागदी चलनाचे गुण गायिले त्यानेच उतारवयात त्याचा हा गुप्त कर उघड करून दाखवला. युद्ध जिंकले गेले, ते पुष्कळ अंशी याच कराच्या बळावर. तो भरला कोणी? धान्य विकून नोटा घेणाऱ्या शेतकऱ्याने, पगारात नोटा स्वीकारणाऱ्या सैनिकाने, आणि ज्यांची जुनी येणी अशाच कागदांत चुकती झाली अशा विधवांनी व वृद्धांनी.

सैनिकांच्या वाट्याला तर आणखी एक कागद आला. १७८३ मध्ये सैन्य मोडले तेव्हा थकलेल्या पगारापोटी त्यांच्या हाती कर्जरोखे ठेवण्यात आले. घरी परतलेल्या माणसाला बियाणे हवे होते, बैल हवा होता. रोख्याच्या मुदतीची वाट पाहणे त्याला परवडणारे नव्हते. डॉलरमागे पंधरा-वीस सेंट, असा भाव देणारे मध्यस्थ गावोगावी फिरत होते. सैनिकांनी आपले रोखे त्यांना विकून टाकले.

एवढ्याने भागले नाही. मॅसॅच्युसेट्स सरकारने आपले युद्धकर्ज फेडण्यासाठी जबर कर बसवले आणि ते नाण्यांत भरण्याचा आग्रह धरला. ज्यांनी स्वस्तात रोखे विकले त्यांच्याकडूनच, ज्यांनी ते विकत घेतले त्यांचे व्याज भागवण्यासाठी, कर वसूल होऊ लागला. ज्यांच्याकडे नाणे नव्हते त्यांच्या जमिनी लिलावात निघाल्या, काही तुरुंगात गेले. ऑगस्ट १७८६ मध्ये पश्चिम मॅसॅच्युसेट्समधील शेतकऱ्यांनी नॉर्थॅम्प्टनचे न्यायालय बंद पाडले. न्यायालय बसले नाही तर जप्तीचा हुकूम निघणार नाही, असा त्यांचा सरळ हिशोब होता. स्वातंत्र्ययुद्धात कॅप्टन राहिलेला डॅनियल शेज हा त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक होता. जानेवारी १७८७ मध्ये स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावरील त्यांची चाल फसली आणि बंड मोडले. परंतु त्याच्या धसक्याने देशातील धनको वर्ग खडबडून जागा झाला. त्याच वर्षी फिलाडेल्फियात तयार झालेल्या राज्यघटनेने घटक राज्यांचा नोटा काढण्याचा अधिकार काढून घेतला आणि करारातील देणी सौम्य करणारे कायदे करण्यासही त्यांना मज्जाव केला. अमेरिकेच्या घटनेतील हे कलम ऋणको आणि धनको यांच्या झुंजीत लिहिले गेले आहे, आणि त्यावर जिंकणाऱ्याचे हस्ताक्षर स्पष्ट दिसते.

पतीचे राजकारण

अशा वेळी अर्थमंत्री म्हणून हॅमिल्टन पुढे आला. वेस्ट इंडीजच्या बेटांवर अनाथपणात वाढलेल्या आणि व्यापारी पेढीवर कारकुनी करून हिशोब शिकलेल्या या माणसाला पैशाचे मर्म पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. जानेवारी १७९० मध्ये त्याने काँग्रेसला सादर केलेल्या अहवालात संघराज्याचे सुमारे पाच कोटी चाळीस लाख डॉलरचे कर्ज पूर्णपणे मान्य करावे आणि घटक राज्यांचे सुमारे अडीच कोटींचे कर्जही केंद्राने आपल्या अंगावर घ्यावे, असे सुचवले. कर्ज नाकारणाऱ्या राष्ट्राला पुढच्या संकटात कोणी उभे करणार नाही. उलट, ज्याचे व्याज नेमाने मिळते असा रोखा हा स्वतःच भांडवलाचे काम करतो. तो गहाण ठेवता येतो, विकता येतो, त्याच्या बळावर कारखाना उभारता येतो. कर्जालाच चलनाचे चैतन्य देण्याची ही कल्पना होती.

मग मूळ सैनिकाचे काय? जेम्स मॅडिसनने फेब्रुवारी १७९० मध्ये हा प्रश्न सभागृहात मांडला. सध्याच्या धारकाला बाजारात मिळालेला सर्वांत वरचा भाव द्यावा आणि उरलेली रक्कम ज्याने रक्त सांडले त्या मूळ धारकाला द्यावी, असा त्याचा प्रस्ताव होता. हॅमिल्टनचा आक्षेप असा, की विकलेल्या रोख्याची किंमत सरकारने मागाहून ठरवायची म्हटले तर उद्या कोणताच रोखा कोणी विश्वासाने विकत घेणार नाही. ज्याच्या हाती कागद, त्याचा हक्क, हे तत्त्व मोडले की पतच मोडली. मॅडिसनचा प्रस्ताव तेराविरुद्ध छत्तीस मतांनी फेटाळला गेला.

या मतदानात खलनायक शोधणे सोपे आहे, आणि अनेकांनी ते केलेही. कर्ज पूर्ण फेडले जाणार याचा सुगावा लागताच सट्टेबाजांनी दूरच्या प्रांतांतील अजाण लोकांकडून रोखे गोळा केले, हे खरेच आहे. परंतु हॅमिल्टनचा युक्तिवाद खोटा नव्हता. अमेरिकन सरकारचे रोखे थोड्याच वर्षांत युरोपच्या बाजारात मानाने विकले जाऊ लागले. मॅडिसनचा प्रश्नही खोटा नव्हता. राष्ट्राची पत उभारण्यासाठी जी किंमत मोजावी लागली ती ज्याने सर्वांत अधिक दिले होते त्याच्याकडूनच पुन्हा घेण्यात आली. एका बाजूला राष्ट्राची विश्वासार्हता आणि दुसऱ्या बाजूला राष्ट्राची कृतज्ञता, असा तो पेच होता. काँग्रेसने विश्वासार्हता निवडली.

व्याज भागवण्यासाठी जकातीबरोबर १७९१ मध्ये व्हिस्कीवर अबकारी कर आला. पश्चिम पेनसिल्व्हानियाच्या डोंगराळ मुलखात धान्य पूर्वेच्या बाजारात नेणे परवडत नसे. त्याची व्हिस्की करून नेली तर परवडे. नाण्यांच्या अभावी व्हिस्की हेच तेथील चलनही होते. राजधानीत जो चैनीवरील कर ठरला, तो तेथे शेतमालावरील आणि पैशावरील कर झाला. १७९४ मध्ये तेथील शेतकरी उठले आणि त्यांना दडपण्यासाठी खुद्द अध्यक्ष वॉशिंग्टन सुमारे तेरा हजार सैनिक घेऊन निघाला.

नांगर की यंत्र?

१७९१ मध्ये एक कोटी डॉलर भांडवलाची राष्ट्रीय बँक स्थापन झाली. पाचवा हिस्सा सरकारचा, बाकीचा खाजगी भागधारकांचा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात हॅमिल्टनने कारखानदारीवरील आपला प्रसिद्ध अहवाल सादर केला. केवळ शेती करणारे राष्ट्र परक्यांच्या बाजारभावाचे बांधील राहते. कारखाने वाढले तर शेतमालाला घरचे गिऱ्हाईक मिळते, निरनिराळ्या अंगच्या गुणांना वाव मिळतो, बाहेरून कारागीर येतात. युरोपातील राष्ट्रे आपल्या उद्योगांना संरक्षण देत असताना नवजात उद्योगाला उघड्यावर सोडून देणे म्हणजे स्पर्धा नव्हे, असे त्याचे म्हणणे होते. काँग्रेसने काही जकाती वाढवल्या. उद्योगांना अनुदाने देण्याची योजना मात्र बाजूस ठेवली. त्याच्या प्रेरणेने न्यू जर्सीत पॅटरसन येथे उभारलेल्या औद्योगिक कंपनीचे उत्पादनही काही वर्षांतच बंद पडले. तिचा प्रमुख विल्यम डुएर १७९२ च्या सट्ट्यात बुडाला आणि कर्जापायी तुरुंगात गेला. कागदी संपत्तीविषयीच्या संशयाला याहून बोलका पुरावा विरोधकांना नको होता.

जेफरसनचे चित्र अगदी वेगळे होते. स्वतःच्या शेतावर राबणारा माणूस कोणाचा मिंधा नसतो, म्हणून प्रजासत्ताकाचा तोच खरा आधार. कारखाने युरोपातच राहोत, असे त्याने लिहिले होते. व्हर्जिनियाचा जॉन टेलर याने तर बँका आणि रोखे यांतून जन्मलेला धनिकवर्ग म्हणजे जुन्या सरंजामदारांचाच नवा अवतार, असे ग्रंथ लिहून मांडले. परंतु १८०७ ची जहाजबंदी आणि १८१२ चे युद्ध यांनी परदेशी मालावर विसंबण्याचे परिणाम दाखवून दिले. १८१६ मध्ये एका पत्रात जेफरसनने कबूल केले, की कारखाने हे सुखासाठीच नव्हे तर स्वातंत्र्यासाठीही आवश्यक आहेत. आपले मत अनुभवाने बदलले असे लिहून देणारे राज्यकर्ते विरळाच.

तथापि या साऱ्या वादात एक रकाना दोन्ही पक्षांनी कोरा ठेवला. १७९० च्या खानेसुमारीत सुमारे एकोणचाळीस लाख लोकसंख्येपैकी सुमारे सात लाख माणसे गुलाम होती. श्रम हे मूल्याचे माप असे म्हणणाऱ्या देशात ज्यांच्या श्रमाला काहीच मोबदला नव्हता अशी ही माणसे. स्वतंत्र शेतकऱ्याचे स्तोत्र गाणाऱ्या जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम बाळगले. दक्षिणेत जमिनीप्रमाणे माणसेही तारण म्हणून लिहून दिली जात आणि त्यांच्यावर कर्जे उचलली जात. १७९३ मध्ये सरकी काढण्याचे यंत्र आले, कापसाची लागवड पसरली, आणि न्यू इंग्लंडच्या गिरण्यांचा व दक्षिणेच्या मळ्यांचा धागा एकाच पिकाने जोडला गेला. नांगर की यंत्र हा वाद रंगला होता. नांगरामागे उभ्या असलेल्या माणसाकडे दोघांनीही पाहिले नाही.

अपवाद होता तो बाल्टिमोरचा वकील डॅनियल रेमंड. १८१९ च्या मंदीत अशिले कमी झाली आणि वेळ हाताशी राहिला, तेव्हा त्याने अर्थशास्त्रावर ग्रंथ लिहिला. तो १८२० मध्ये प्रसिद्ध झाला. व्यक्तींच्या मालमत्तेची बेरीज म्हणजे राष्ट्राची संपत्ती नव्हे; जीवनाच्या गरजा आणि सुखसोयी श्रमाने मिळवण्याची संबंध राष्ट्राची जी क्षमता, ती त्याची संपत्ती, असे त्याचे सूत्र होते. काही थोड्यांच्या घरी धन साचले आणि उरलेल्यांचे हात रिकामे राहिले, तर बेरीज वाढूनही राष्ट्र गरीब राहते, हा त्याचा अन्वयार्थ. हाच माणूस गुलामगिरीचाही कडवा विरोधक होता, हा योगायोग नव्हे.

फिलाडेल्फियाहून पुण्याला

१८२५ मध्ये जर्मनीतून परागंदा झालेला फ्रीडरिख लिस्ट पेनसिल्व्हानियात आला. तेथील संरक्षणवादी चळवळीत तो शिरला, हॅमिल्टनची परंपरा त्याने आत्मसात केली आणि मायदेशी परतल्यावर १८४१ मध्ये राष्ट्रीय अर्थव्यवस्थेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. या विचारधारेचा ओघ पुढे थेट महाराष्ट्रात पोचला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्यात लिस्ट आणि अमेरिकन संरक्षणवादी विचारवंत यांचा आधार घेऊन त्यांनी प्रतिपादिले, की अर्थशास्त्राचे सिद्धान्त देश-काल-परिस्थितीनिरपेक्ष नसतात. इंग्लंडला जे हितावह ते हिंदुस्थानला हितावह असेलच असे नाही.

साम्य येथे संपते. हॅमिल्टन आपल्या स्वतंत्र राष्ट्राचा अर्थमंत्री होता. त्याची सूचना काँग्रेसने मान्य किंवा अमान्य करायची होती. रानडे परकी सरकारच्या न्यायखात्यात नोकरीस होते, आणि हिंदुस्थानच्या जकाती लँकेशायरच्या सोयीने ठरत होत्या. सुती कापडावरील आयात जकात १८८२ मध्ये रद्द झाली होती. १८९४ मध्ये ती पुन्हा आली तेव्हा तिच्याबरोबर देशी गिरण्यांच्या मालावर अबकारी करही आला. विचार तोच, एकाच्या हाती सत्ता होती आणि दुसऱ्याच्या हाती केवळ व्यासपीठ. राष्ट्रीय सत्तेवाचून राष्ट्रीय अर्थशास्त्र हा प्रबंधच राहतो, हे या दोन व्याख्यात्यांची तुलना शिकवते.

ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरचा सोन्याशी असलेला उरलासुरला संबंध तोडला. तेव्हापासून त्या नोटेच्या पाठीशी आहे तो सरकारच्या शब्दावरचा विश्वास. पानाच्या शिरांचा ठसा असलेल्या फ्रँकलिनच्या नोटेच्या पाठीशीही याहून निराळे काही नव्हते; तारण जमिनीचे असले तरी ती नोट चालली लोकांच्या भरवशावरच. पैसा हा मुळात विश्वास आहे, हे आरंभीच्या अमेरिकन अर्थविचाराने जगाला लवकर सांगितले, हे त्याचे श्रेय. विश्वास उभारण्याचा खर्च कोणाच्या नावे लिहायचा, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मात्र त्याला सापडले नाही. कर्जफेडीची, चलनवाढ रोखण्याची किंवा उद्योगांना संरक्षण देण्याची योजना कोठेही मांडली जाते तेव्हा खात्याच्या एका बाजूला राष्ट्राची पत मोठ्या अक्षरांत लिहिली जाते. दुसऱ्या बाजूला, डॉलरमागे पंधरा सेंट घेऊन घराकडे चालू लागलेल्या त्या सैनिकाचे नाव असते. खाते तपासणाऱ्याने ती बाजूही वाचली पाहिजे.